कच्च्या लिंबाची पेनल्टी

वाड्यात क्रिकेट चालायचं तेव्हा मला ट्राय बॉल मिळायचा. तसा तो सगळ्यांनाच मिळे, पहिला एक. मला मात्र दुसराही मिळे, आणि दांडी उडाली तर धाकटी रडेल म्हणून तिसराही. दोन मोठे भाऊ, त्यांचे मित्र आणि मी. मी कच्चा लिंबू. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, आणि तिन्हीसांजेला आई हाका मारायला लागली की घाईघाईने धावा मोजतात, त्यात त्याच्या धावा कुणी धरतही नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातला तो वाडा आता अर्धा पडलाय, उरलेल्या अर्ध्यात आम्ही राहतो. लग्न गल्लीतच झालं, माहेर पुढे माझ्याच वाट्याला आलं, आणि सासूबाईही आमच्याबरोबर इथेच राहायला आल्या. मी त्रेपन्न वर्षांची, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघते. हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे गेल्या जानेवारीत मला एका खेळात पेनल्टी बसली. आयुष्यातली पहिली.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षं अमेरिकेत राहून बडोद्याला परत आला तो एक जडशीळ पिशवी घेऊन. मला वाटलं, भांडी आणली. आत निघाल्या प्लॅस्टिकच्या चकत्या, वीस-बावीस, होळीच्या रंगांच्या, आणि एक घडीची लोखंडी टोपली, वरून साखळ्या लोंबणारी. "मावशी, हे फेकायचं नि यात पाडायचं," एवढंच त्याने सांगितलं. मी म्हटलं, थाळीफेक का? तर नाही. थाळीफेकीत लांब कोण टाकतं ते बघतात, इथे कमीत कमी फेकींत टोपली कोण गाठतं ते. चकती पडली त्या जागेवरून पुढची फेक, असं करत करत टोपलीपर्यंत. गोल्फच, फक्त काठीच्या जागी हात आणि भोकाच्या जागी साखळ्या.

चकत्याही सगळ्या सारख्या नसतात. लांब फेकायच्या ड्रायव्हरची कडा धारदार, जवळून टोपलीत पाडायच्या पटरची जाड आणि बोथट, मधली ती मिडरेंज. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की शेवटी शेवटी वेग उतरताना ती डावीकडे वळते, कितीही सरळ फेका. ड्रायव्हरला नवशिक्यांनी हात लावू नये हे मी पहिल्याच दिवशी शिकले. तो सरळ जायला जो वेग लागतो तो माझ्या खांद्यात नाही, आणि वेग नसेल तर तो दहा पावलांवर डावीकडे मान टाकतो. माझा सगळा खेळ एका निळ्या मिडरेंजवर आणि दोन पिवळ्या पटरांवर. दोन पटर होते हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

हा खेळ मांडला एड हेडरिक नावाच्या माणसाने. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ मध्ये त्याने पहिलं कायमचं मैदान आखलं, साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट घेतलं, आणि १९७६ मध्ये पीडीजीए, म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, ही संघटना काढली, जिचे नियम आजही सगळीकडे चालतात. २००२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये कालवून चकत्या काढल्या. आमच्याकडची माणसं अस्थी घेऊन चांदोदला नर्मदेवर जातात. भाचा हे सांगत होता तेव्हा सासूबाई पलीकडे मेथी निवडत होत्या. "म्हणजे मेल्यावरही लोक त्याला फेकतायत?" त्यांनी विचारलं. "आणि झाडात अडकवतायत," भाचा म्हणाला. मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या बराच वेळ हसल्या.

खेळायला जागा हवी. कमाटीबागेत सकाळी इतकी माणसं चालतात की तिथे पावणेदोनशे ग्रॅमची चकती सोडणं म्हणजे कुणाचा तरी चष्मा फोडणं. पोलो ग्राउंडवर क्रिकेटच्या दहा मॅचेस एकमेकींत घुसलेल्या. शेवटी पादरा रोडला एका ओळखीच्यांची पडीक जमीन मिळाली. बाभळी, दोन जुनी आंब्याची झाडं, मधून जाणारी पाण्याची नीक आणि कडेने एरंडाचं शेत. टोपल्या सहा हव्या होत्या, खरी होती एकच. उरलेल्या पाच मास्तरांच्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याने करून दिल्या. जुन्या सायकलींच्या रिंगा, पाण्याच्या पाइपचा दांडा, बारीक साखळी. खऱ्या टोपलीत चकती बसली की छणणण होतं. आमच्यातून फुटक्या घंटेसारखा आवाज येतो. पण येतो.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त पीटीचे सर. आयुष्यभर खो-खो शिकवला, गुडघे गेले, आता काठी घेऊन चालतात, पण चकती अशी सोडतात की बघत राहावं. आणि त्यांचा नातू, सातवीतला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

डिसेंबरातले तीन रविवार आम्ही नुसतेच फेकत होतो. नियम कुणाला माहीत नव्हते आणि हवेही नव्हते. टोपलीपासून सहा-सात मीटरवर उभं राहायचं, पटर टाकायचा, चुकला की लगेच दुसरा टाकायचा, तो चुकला की पहिला उचलून आणून तिसऱ्यांदा. सवय लागते ती इथे. डावा हात आपसूक पुढचा पटर तयार ठेवतो. पहिला हवेत असतानाच कळतं की हा उजवीकडे चाललाय, आणि तो जमिनीला टेकायच्या आत दुसरा सुटलेला असतो. मला वाटायचं, चुकीची दुरुस्ती लगेच झाली पाहिजे, हिशेबात करतो तशी. चुकीची नोंद पडली तर खोडायची नाही, खाली उलटी नोंद करून फिरवून घ्यायची. दुसरा पटर ही माझी उलटी नोंद.

भाच्याने जाहीर केलं की उत्तरायणानंतरच्या रविवारी खरी स्पर्धा. सहा टोपल्या तीनदा, म्हणजे अठरा होल. पीडीजीएच्या नियमांनी. तेरा जण झालो. त्यात भाच्याचे दोन मित्र, एक डॉक्टर आणि त्यांच्या सौ., वेल्डिंगवाला (त्याला आपल्या टोपल्यांची काळजी), आणि फाइन आर्ट्सला शिकणारी समोरच्या घरातली एक गुजराती मुलगी, जी मराठी आमच्यापेक्षा जपून बोलते. चार गट पाडले. माझ्या गटात मास्तर, नातू आणि ती मुलगी. भाचा दुसऱ्या गटात, म्हणजे काही झालं तर आमचं आम्हालाच निस्तरायचं होतं.

सकाळी साडेसातला पोचलो. बाभळींवर कापलेल्या पतंगांचे सांगाडे लटकत होते आणि मांजा इतका पसरलेला की मास्तरांनी आधी काठीने वाटा मोकळ्या केल्या. मग सगळ्यांनी हात मोकळे केले. सुरुवातीच्या आधी कितीही फेका, कुणी विचारत नाही. मी पटरच टाकत होते, चांगले पडत होते. मग भाच्याने शिट्टी मारली आणि ओरडला, "दोन मिनिटं! आता सराव बंद, आपापल्या होलवर जा." माझ्या हातात एक पटर होता. तो मी सहज टाकून दिला टोपलीत. कुणी पाहिलं नाही. नातवाने पाहिलं, पण तो तेव्हा काही बोलला नाही. मला नंतर कळलं की त्याने मनात नोंद केली होती.

या मुलाने सगळे नियम मोबाइलवर उतरवून घेतले होते आणि इंग्रजी शब्द अडले की भाच्याला फोन करून विचारले होते. आठवडाभर. त्याचा पहिला हिसका मला पहिल्याच होलवर बसला. चकती पडली की तिच्यापुढे छोटी चकती ठेवून जागा खुणावतात, मग मोठी उचलतात. मी मोठ्या हुशारीने घरून कॅरमचा स्ट्रायकर आणला होता. नातवाने खिशातून शाळेची पट्टी काढली. "काकू, कमीत कमी सात सेंटीमीटर लागतं. जास्तीत जास्त पंधरा. हा चारच आहे." स्ट्रायकर पर्समध्ये गेला. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघालं, ते बरोबर बसलं. अठराही होल मी त्या झाकणामागे उभी राहून खेळले आणि त्याला शेवटपर्यंत कैरीचा वास येत होता.

आम्ही दुसऱ्या होलवरून सुरुवात केली होती. दुसरा, तिसरा, चौथा यांत सांगण्यासारखं काही नाही. मुलीची चकती आंब्यात अडकली, मास्तरांनी काठीने पाडली, आणि ती पडताना मुलगी "काइपो छे!" म्हणून अशी ओरडली की पलीकडचा गट थांबून बघायला लागला.

पाचवा होल नीकेच्या पलीकडे. वारा समोरून. माझी पहिली फेक नीकेच्या अलीकडे राहिली, दुसरी पलीकडे गेली, तिसरी झकास, टोपलीपासून सहा मीटरवर. झाकण ठेवलं, निळी उचलली, उजव्या हातात एक पटर घेतला. दुसरा डाव्या हातात. तो तिथे का होता हे कुणी विचारू नये, तो तिथेच असायचा. श्वास घेतला, सोडला. वाऱ्याने चकतीचं नाक, म्हणजे पुढची कडा, उचललं, ती टोपलीच्या वरून गेली आणि मागे तीनेक मीटरवर जाऊन पडली.

आणि डाव्या हातातली उजव्या हातात आली, आणि सुटली.

त्या दिवशीची माझी सगळ्यात सुंदर फेक ती. नाक खाली, वारा कापत, साखळ्यांच्या बरोबर मधे. ही खरी टोपली होती, भाच्याची. छणणण. मी दोन्ही हात वर केले. मुलीने टाळी वाजवली. मास्तर म्हणाले, "वा!"

"प्रॅक्टिस थ्रो," नातू म्हणाला.

कुणी काही बोललं नाही म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "काकूंची चौथी फेक झाली होती. ती तिकडे पडलीय. ही आता टाकली ती मोजायची नाही, पण फेरी चालू आहे ना, म्हणून एक पेनल्टी."

"अरे, राहू दे," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदा खेळतायत. पुढच्या वेळी लक्षात ठेवतील."

"हां, आंटींना माहीत नव्हतं," मुलगी म्हणाली. "एक वॉर्निंग देऊ."

"वॉर्निंग नाहीये यात." त्याने मोबाइल काढला. फेकायला तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर पहिल्यांदा ताकीद, मग दंड. कुणी फेकत असताना मधे गडबड केली तरी आधी ताकीद. सरावाच्या फेकीला ताकीद नाही. पहिल्या फेकीपासून, दर फेकीला एक. "आणि आजोबा, आपण माफ नाही करू शकत. तो आपला हक्कच नाही. तुम्हीच सांगता ना ते जिमखान्याचं."

जिमखान्याचं म्हणजे मास्तरांची आवडती गोष्ट. गल्लीतल्या प्रत्येक पोराने ती ऐकलेली आहे. हुतुतू आधी गावागावांत वेगवेगळ्या रीतीने खेळायचे, कुठे गडी मेला की मेलाच, कुठे परत जिवंत. मग १९२३ मध्ये इथल्या, बडोद्याच्याच, हिंद विजय जिमखान्याने नियम छापून काढले आणि त्याच वर्षी त्या नियमांनी अखिल भारतीय सामने भरवले. गोष्टीच्या शेवटी मास्तर नेहमी बोट वर करून म्हणतात, "छापलं, म्हणून टिकलं." आता नातू त्यांच्याकडे तसंच बोट वर करून बघत होता. मास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

मी मधे उभी. दोन मोठी माणसं मला सोडून द्यायला तयार, एक लहान मूल सोडायला तयार नाही. मुलीचा तो सूर, "आंटींना माहीत नव्हतं," मी ओळखला. तो मी वाड्यात रोज ऐकला होता. धाकटी आहे, ट्राय दे तिला.

"लिही एक," मी नातवाला म्हटलं.

त्याने लिहायला सुरुवात केली तर पेन चालेना, माझ्या पर्समधलं दिलं. मग मी साखळ्यांतला पटर काढला, माझी चौथी फेक जिथे पडली होती तिथे झाकण ठेवलं आणि तीन मीटरवरून पाचवी टाकली. बसली. पाच फेकी, एक दंड, सहा. "काकू, सहा ना?" त्याने विचारलं. "सहा," मी म्हटलं. हिशेब जुळला पाहिजे म्हणून मी कार्डात डोकावून बघितलं. माझ्या नावासमोर, पाचव्या रकान्यात, सहा.

पुढच्या दोन होलांवर चालता चालता मी त्याची उलटतपासणी घेतली. हात नुसता फिरवून पाहिला, चकती सोडली नाही तर? चालतं, कितीही फिरवा, तीस सेकंदांत बसवा. हातातून निसटून पायाशी पडली तर? ती फेक नाही, जागा बदलायच्या हेतूने सोडली तर फेक. टोपलीकडे न टाकता उलटीकडे टाकली तर? तरी सरावच. पुढचा गट अजून खेळतोय, आपण उभे आहोत, वेळ जात नाही म्हणून शेजारच्या शेतात एक टाकली तर? "काकू, तेच तर सगळे करतात," तो खिन्नपणे म्हणाला, जणू तीस वर्षं अंपायरिंग करून थकलाय. मग मी विचारलं, आणि शिट्टीनंतर टाकली तर? त्याने माझ्याकडे पाहिलं. "ते मी लगेच बोललो नाही, माझी चूक. पकडायचं तर तिथल्या तिथे." ती एक तेवढी माझी सुटली. अजून कधी कधी वाटतं की तीही लिहायला हवी होती.

मजा दहाव्या होलवर आली. मुलगी आपली चकती मागे विसरली. ती मास्तरांना दिसली. मास्तरांनी तिला हाक मारली आणि मनगटाच्या एका झटक्यात चकती तिच्याकडे सोडली. जमिनीला समांतर, वाऱ्याला न जुमानता, थेट तिच्या हातात. बारा-तेरा मीटर तरी. मुलीने झेलली आणि तिघेही आम्ही नातवाकडे बघायला लागलो.

त्याचा चेहरा पडला होता. आजोबांकडे न बघता त्याने सांगितलं की दुसऱ्याची चकती परत द्यायची तर पाच मीटरच्या आत हवेतून दिलेली चालते. त्याहून लांब असेल तर नेऊन द्यायची.

"माझे गुडघे," मास्तर म्हणाले.

"नियमात गुडघ्यांचं काही नाहीये, आजोबा."

मास्तरांनी कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या नावासमोर स्वतः एक वाढवला. माझ्यापेक्षा दोनने पुढे होते, आता एकने. त्यानंतर आमचा गट फार शिस्तीत खेळला. मुलगी तर चकती खाली ठेवतानाही वाकून, दोन्ही हातांनी, देवापुढे ताट ठेवावं तशी ठेवायची.

माझे एकूण ब्याण्णव झाले. तेरांमध्ये अकरावी. मास्तर नव्वद.

खेळ संपल्यावर पादरा रोडच्या एका टपरीवर सेव-उसळ. तर्री डोळ्यांतून पाणी काढणारी, पाव कमी पडले. तिथे वाद पेटला. डॉक्टर लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या मैदानावर गोल्फ खेळतात. त्यांचं म्हणणं, हा नियम जाचक आहे, आमच्या गोल्फमध्ये एक होल संपला की त्याच ग्रीनवर पुन्हा पट मारून बघता येतो. भाच्याने विचारलं, होल चालू असताना? डॉक्टरांनी पाव मोडला. होल चालू असताना नाही, तेव्हा दोन स्ट्रोकचा दंड. "मग मावशीने होल चालू असतानाच टाकला होता. तुमच्याकडे तिला दोन बसले असते." डॉक्टर म्हणाले, ते खरं, पण होल संपल्यावरची मोकळीक तुमच्यात का नाही? भाचा म्हणाला, नाही, फेरी संपेपर्यंत नाही.

मला स्वतःला जाचक वाटत नाही. माझी ती दुसरी फेक का बसली ते मला ठाऊक आहे. पहिलीने सांगितलं होतं की वारा नाक उचलतोय. ती बातमी मी एक फेक खर्चून विकत घेतली होती, त्यात तक्रार नाही. पण दुसरीने जे सांगितलं, की नाक इतकं खाली धरलं की बरोबर बसतं, ते फुकट मिळालं असतं, आणि ते घेऊन मी पुढच्या दोन फेऱ्यांत त्याच टोपलीसमोर उभी राहिले असते. मास्तरांना, मुलीला ते मिळालं नव्हतं. एक दंड म्हणजे त्या बातमीची किंमत, आणि माझ्या मते स्वस्त. डॉक्टरांना हे काही पटलं नाही. ते म्हणाले, तुम्ही हिशेबवाले. हे मात्र खरं.

पुण्याच्या थोरल्या भावाला त्या रात्री फोन केला. पेनल्टीचं सांगितलं तर तो खो-खो हसला. "तुला? कोण आहे तो पोरगा, त्याला सांग ही कच्चा लिंबू आहे." मी त्याला ब्याण्णवचा आकडा सांगितला. त्याने विचारलं, ब्याण्णव चांगले की वाईट? मी म्हटलं, वाईट, पण मोजलेले.

सवय मोडायला महिना लागला. आधी मी दुसरा पटर घरीच ठेवायचं ठरवलं, पण एक हरवला तर पंचाईत. मग मास्तरांची युक्ती. फेकायच्या आधी पिशवी झाकणापासून चार पावलं मागे ठेवायची आणि डाव्या हातात रुमाल धरायचा. रिकामा हात चकती शोधतो, रुमालवाला शोधत नाही. खो-खोत उठू पाहणाऱ्या पोरांना ते टाचेखाली पान ठेवायला सांगायचे म्हणे, पान हललं की कळतं.

आणि घरी वाड्याची पडवी आहेच, साडेनऊ मीटर. टोकाला खुर्चीवर तांदूळ धुवायची जुनी रोवळी आडवी बांधली. संध्याकाळी कामावरून आले की पन्नास फेकी. इथे ट्रायच ट्राय, कुणी मोजत नाही. मी मोजते. सासूबाई पलंगावरून निकाल देतात, "गेली," "बसली," "ती हेडरिकला लागली." पहिल्या आठवड्यात पन्नासांतल्या अकरा बसल्या, फेब्रुवारीअखेर एकोणतीस. एक तुळशीवृंदावनाला लागून कोपरा उडाला, तो मी फेविक्विकने चिकटवला, अजून कुणाला कळलेलं नाही.

एक गोष्ट मला उशिरा समजली आणि ती सांगितली नाही तर वाचणाऱ्याची फसगत होईल. दुसरी फेक टाकता येते, अगदी नियमात बसवून. चकती हरवली असेल किंवा हद्दीबाहेर गेली असेल अशी शंका असेल, किंवा निर्णयावरून गटात मतभेद असतील, तर आधी सगळ्यांना सांगायचं की ही तात्पुरती फेक, प्रोव्हिजनल, आणि मग टाकायची. पुढे जाऊन चकती सापडली तर ती दुसरी सोडून द्यायची, तिचा दंड नाही. दोन वेळा जाऊन परत येण्याची पायपीट वाचावी म्हणून ही सोय. सगळी मेख त्या "आधी सांगायचं" मध्ये. हात आधी आणि तोंड मागून असं चालत नाही.

दुसरी स्पर्धा होळीच्या आधीच्या रविवारी झाली. आंब्याला मोहोर आलेला, ऊन आठ वाजताच चटके देणारं. गट तोच ठेवला, कार्ड या वेळी माझ्याकडे. पाचव्या होलवर मी पुन्हा सहा-सात मीटरवर. वारा मागून होता, पटर खाली गेला, टोपलीच्या लोखंडी कडेवर आपटून परत माझ्याच दिशेने आला. उजवा हात मागे गेला. मागे काही नव्हतं, डाव्या हातात रुमाल. नातू माझ्या हाताकडेच बघत होता. मी रुमालाने घाम पुसला आणि चालत जाऊन झाकण ठेवलं.

तो स्वतः त्या दिवशी फार छान खेळत होता. तेराव्या होलपर्यंत मास्तरांच्याही पुढे. चौदाव्यावर अडीच मीटरची फेक उरली, आमच्या सायकलच्या रिंगेच्या टोपलीत. डोळे मिटून जावी अशी. साखळीला लागली आणि बाहेर उडाली. वेल्डिंगवाल्याची साखळी, ती कधी कधी चकती धरून ठेवत नाही. त्याने उरलेली फेक नीट टाकली, चकती टोपलीतून काढली, दोन पावलं चालला, आणि मग ती पिशवीवर भिरकावली. पिशवी बाभळीखाली, आठ-नऊ मीटरवर. पिशवीला लागून चकती उडाली आणि धुळीत गोल गोल फिरत बसली.

मुलगी मोबाइल बघायला लागली. मास्तर आंब्याचा मोहोर बघायला लागले. मी कार्ड उघडून बसले होते, पेन हातात, त्याच्या रकान्यात चार लिहिलेले.

तो चकतीपाशी गेला, उचलली, शर्टाला पुसली. परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. नाक लाल झालं होतं.

"काकू," तो म्हणाला, "पाच करा."